इलेक्ट्रिक सायकल : चढावर मागच्या चाकातून 'टक्' आवाज, पायडलही घसरतं. खरंच मोटर गेली का?

निळीसायकल, पुणे | रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहिते.

मी कोथरूडहून पाषाणला शाळेत शिकवायला जाते, दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक सायकलवर. मागच्या चाकात २५० वॉटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसवलेली), ३६ व्होल्टची बॅटरी, मागे ७ गिअर, दोन्ही चाकांना तारेचे डिस्क ब्रेक, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. आजवर ४,३०० किमी झाले. चांदणी चौकाचा चढ रोजचा. तो चढूनही घाम न येता वर्गात उभं राहता येतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

तीन आठवड्यांपूर्वी भर पावसात मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या दुकानात चाक काढून ट्यूब बदलून घेतली. त्यानंतर आठवडाभरात तीन गोष्टी सुरू झाल्या. सिग्नलवरून निघताना मोटरने ओढ घेतली की मागून एकदाच 'टक्' होतं, सीटला जाणवेल इतकं. चढावर पायाने जोर लावला की 'खळ्ळ' होऊन पायडल पाव-अर्धा फेरा रिकामं जातं. आणि दोनदा मोटर मध्येच बंद पडली, चार-पाच सेकंदांनी आपोआप सुरू झाली.

काल एका दुकानात नेली. त्यांनी स्टँडवर लावून थ्रॉटल (हँडलवरचा मोटरचा अ‍ॅक्सिलरेटर) दिला, आवाज ऐकला आणि सांगितलं, मोटरचे गिअर गेलेत, मोटरसकट अख्खं चाक बदला. आकडा सायकलच्या निम्म्या किमतीच्या जवळ जातो. ही सायकल मी पगारातून साठवून घेतली आहे. खर्च करावाच लागला तर करीन, पण खरंच मोटर गेली आहे का, ते आधी कळायला हवं. सुरुवात कुठून करू?

घाटमाथा, सातारा | रविवार, सकाळी १०:४५

ताई, आधी एक ऐका. कारण सापडेपर्यंत ही सायकल रस्त्यावर काढू नका. शाळेला दोन दिवस रिक्षाने जा.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. तिथला पहिला धडा असा, की बिघाड सुरू होण्याआधी शेवटचा हात कशाला लागला होता ते विचारा. तुमच्या सायकलीत शेवटचा पाना मागच्या आसाच्या नटांना लागलाय. म्हणून 'टक्'चा माझा पहिला संशय चाक फ्रेमच्या खाचेत जिथे बसतं तिथे आहे, मोटरच्या पोटात नाही.

आता हे समजून घ्या. तुमच्या मागच्या चाकाला दोन वाटांनी जोर पोचतो. पायाचा जोर चेनवरून फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, आणि तिथून हबच्या कवचाला. मोटरचा जोर आतल्या लहान गिअरमधून, एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमधून, त्याच कवचाला. दोन्ही वाटा कवचापाशी येऊनच मिळतात. तोवर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. त्यामुळे तुमचं 'टक्' आणि तुमचं 'खळ्ळ' हे एकच दुखणं आहे असं धरून चालू नका. माझ्या मते दोन वेगळी दुखणी एकाच महिन्यात वर आलीत.

घरच्या घरी दोन चाचण्या करा. पहिली पायाची. बॅटरी काढून ठेवा. सायकलशेजारी उभं राहून मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि पायडल पुढच्या बाजूला, घड्याळातल्या तीनच्या काट्यासारखं आणून त्यावर पाय देऊन जोर लावा. पायडल दगडासारखं घट्ट राहिलं पाहिजे. सातही गिअरवर दहा-दहा वेळा करून बघा आणि कोणत्या गिअरला घसरतं ते लिहून ठेवा.

दुसरी मोटरची. नेलपॉलिशने आसाच्या टोकावरून, नटावरून आणि फ्रेमवरून एक सरळ रेघ ओढा, दोन्ही बाजूंना. वाळू द्या. बॅटरी लावा, पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि थ्रॉटल अगदी हलका, क्षणभर द्या. ब्रेक दाबून हे करू नका, कारण बहुतेक सायकलींत ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो, मग मोटर चालणारच नाही. दुसऱ्या कोणाला तरी रेघेकडे बघायला सांगा. रेघ तुटली तर 'टक्' सापडला.

सोल्डरगन, ठाणे | रविवार, दुपारी १२:२०

घाटमाथा काकांशी सहमत. मोटर मध्येच बंद पडण्याबद्दल लिहितो.

चार-पाच सेकंदांनी आपोआप सुरू होते, म्हणजे जळलेलं काही नाही. कुठेतरी जोड सुटतोय आणि पुन्हा लागतोय. चाक काढताना मोटरची केबल सोडवावी लागते. चेनच्या दांडीजवळ केबलला गोल वॉटरप्रूफ कनेक्टर असेल. त्याच्या दोन्ही अर्ध्यांवर बाणाची खूण असते. बाण समोरासमोर आणून सरळ दाबायचं, पिळायचं अजिबात नाही. बऱ्याच कनेक्टरवर एक आडवी रेघही असते, दुसरा अर्धा त्या रेघेपर्यंत आत गेला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिला तरी मोटर चालते, पण खड्ड्यात हिसका बसला की बंद पडते आणि पावसाचं पाणी आत जातं. उघडून बघा. पिना वाकल्यात का, हिरवट थर आलाय का? ओलावा असेल तर कोरडं होऊ द्या, घाईने बंद करू नका.

एक चाचणी अजून. मोटरच्या तीन जाड तारा एकमेकींना कुठे टेकल्यात का ते बघायला लोक चाक हाताने फिरवून जड लागतं का बघतात. गिअरवाल्या हब मोटरमध्ये चाक पुढे फिरवून काहीच कळत नाही, कारण आतला क्लच मोटरला सोडून देतो. चाक मागे फिरवा. मागे फिरवताना थोडं जड लागणं बरोबर आहे, मोटर आणि गिअर सोबत फिरतात. पण कनेक्टर लावलेला असताना अडखळत, गचके देत फिरलं आणि कनेक्टर काढल्यावर हलकं झालं, तर दोष कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीत. काढल्यावरही गचके राहिले, तर केबल किंवा मोटर.

चाकदुरुस्त, कोल्हापूर | रविवार, रात्री ९:५५

दुकान बंद करून आत्ता वाचलं. आमचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं. गेली काही वर्षं रोज एक-दोन तरी बॅटरीवाल्या सायकली येतात, त्यातल्या निम्म्या 'मोटर गेली' म्हणून. मोटर खरोखर गेलेल्या फार थोड्या निघतात.

ताई, आसाच्या नटाखाली एक वॉशर असतो, त्याला एक जीभ असते. ती जीभ फ्रेमच्या खाचेत आत गेली पाहिजे. साध्या सायकलचं चाक बसवायची सवय असलेला माणूस हा वॉशर साध्या वॉशरसारखा कसाही घालतो. मग जीभ खाचेत न जाता फ्रेमच्या तोंडावर चढते आणि नट तिच्यावरच आवळला जातो. आवळताना नट घट्ट लागतो, माणसाला वाटतं झालं काम. चार दिवसांत जीभ चेपते आणि नट सैल पडतो.

साध्या सायकलमध्ये नट सैल झाला तर चाक तिरकं होतं, एवढंच. इथे तसं नाही. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने आसाला मागे पिळते. आसाच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात, त्या खाचेत बसतात आणि हा पीळ अडवतात. हिशेब करून बघा. अशी मोटर ४० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देते. सपाट बाजूंमध्ये अंतर १० मिमी. म्हणजे खाचेच्या कडांवर ढोबळमानाने ४०० किलोचा दाब, प्रत्येक सिग्नलला. स्टीलची फ्रेम हे बराच काळ सोसते. अ‍ॅल्युमिनियमची कड झिजते, खाच रुंद होते, आणि एक दिवस आस पूर्ण फिरतो. केबल आसातूनच बाहेर येते, ती त्याच क्षणी पिळून तुटते. चाक खाचेतून सुटलं तर माणूस पडतो. म्हणून काकांनी सांगितलं ते बरोबर, चालवू नका.

दोन्ही नट काढा, वॉशरची जीभ बघा, खाचेच्या कडा बोटाने चाचपून बघा. डाव्या-उजव्या बाजूचे वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून मगच बाजूला ठेवा.

आणि एक सगळ्यांसाठी. पंक्चरसाठी हे चाक काढायची गरजच नसते. आमच्याकडे पूर्वीपासून मागचं पंक्चर चाक न काढताच निघतं. सायकल आडवी टाका, टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, ट्यूब ओढून बाहेर घ्या, भोक शोधा, पॅच लावा, आत सरकवा. ट्यूब फाटली असेल किंवा टायर बदलायचा असेल तेव्हाच नटाला पाना लावा.

निळीसायकल, पुणे | सोमवार, सायंकाळी ७:३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. सांगितलं तसं सगळं केलं, क्रमाने लिहिते.

पायाची चाचणी : पहिल्या ते पाचव्या गिअरपर्यंत घट्ट. सहाव्याला एकदा, सातव्याला दहापैकी चार वेळा 'खळ्ळ'. बॅटरी बाहेर टेबलावर होती, म्हणजे त्या आवाजाशी मोटरचा संबंध नाही.

रेघेची चाचणी : मुलीने खाली बसून बघितलं. थ्रॉटल दिला, 'टक्' झालं आणि ती ओरडलीच, "आई, हललं!" उजव्या बाजूची रेघ तुटली, आस नटासकट मागे सरकला होता. थ्रॉटल सोडून सायकल मागे ओढली की पुन्हा 'टक्', आणि रेघ जवळपास जागेवर. मग हाताने नट बघितला. डावा घट्ट होता, उजवा मी साध्या पान्याने फारसा जोर न लावता सोडवला.

वॉशर काढला तेव्हा चाकदुरुस्त दादांनी लिहिलेलं जसंच्या तसं समोर आलं. जीभ चेपून सपाट झाली होती, एका कडेला चकचकीत. फ्रेमच्या निळ्या रंगावर खाचेशेजारी नखाएवढी चंद्रकोर उमटली आहे, तिथला रंग जाऊन पांढरा धातू दिसतो. खाचेत करड्या रंगाची पूड होती, पावसाच्या पाण्यात कालवलेली. फडक्याने पुसून बोट फिरवलं, वरच्या कडेला किंचित पायरी लागते. चीर दिसली नाही, मोबाईलचा टॉर्च लावून दोनदा बघितलं.

केबलचं बाहेरचं आवरण आसाच्या तोंडाशी खरवडलंय, पण आतल्या रंगीत तारा दिसत नाहीत. चाक मागे फिरवलं, एकसारखं फिरतं, कनेक्टर लावून आणि काढूनही. कनेक्टर मात्र रेघेपासून तीनेक मिलिमीटर बाहेर होता आणि उघडल्यावर आत पाण्याचा थेंब होता!

ती पायरी एवढीशी आहे, पण फ्रेम वाचेल ना?

मांडवीतीर, पणजी | सोमवार, रात्री ८:१५

ताई, तुमचं वेळेत लक्षात आलं याचा मला मनापासून आनंद झाला. माझं वेळेत लक्षात आलं नव्हतं.

मी पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीला कामावर जायचो. पर्वरीच्या चढावर असाच 'टक्' यायचा. मी तो महिनाभर ऐकला आणि चेनला तेल घालत राहिलो. एका सकाळी चढाच्या मध्यावर मोठा आवाज झाला आणि चाक फ्रेमला घासून थांबलं. आस पूर्ण फिरला होता, केबल दोरीसारखी पिळली होती, खाचेच्या कडेला चीर गेली होती. अ‍ॅल्युमिनियमची चीर वेल्डिंग करून भरवशाची होत नाही, तापल्याने आजूबाजूचा धातूही मऊ पडतो. फ्रेम टाकून द्यावी लागली. मागून येणारा ट्रक लांब होता म्हणून मी आज हे लिहितोय.

नव्या फ्रेमवर मी पहिल्या दिवशी टॉर्क आर्म बसवला. स्टीलची पट्टी असते, तिच्या एका टोकाला आसाच्या सपाट बाजूंना नेमकं बसेल असं भोक. दुसरं टोक फ्रेमच्या दांडीला होज क्लिपने आवळायचं. पीळ खाचेच्या कडेवर न येता लांब दांडीवर जातो. तुम्हीही लावा.

चाकदुरुस्त, कोल्हापूर | सोमवार, रात्री १०:०५

चीर नसेल आणि आस खाचेत हाताने हलत नसेल तर फ्रेम वाचली. पायरी कानशीने तासत बसू नका, तासलं की खाच अजून रुंद होते. मांडवीतीर म्हणतात तसा टॉर्क आर्म घ्या. भोक आसावर घट्ट बसलं पाहिजे, सैल असेल तर त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही बाजूंना जिभेचे नवीन वॉशर.

चाक बसवताना सायकल चाकांवर उभी ठेवा, उलटी नको. सायकलच्या वजनाने आस खाचेच्या तळापर्यंत जातो. जीभ खाचेत, टॉर्क आर्म, साधा वॉशर, मग नट. दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर २० सेमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर, म्हणजे ४० न्यूटन-मीटर. त्याहून फार पुढे गेलात तर आसाचे आटे जातील.

केबल आसातून निघाल्यावर आधी खाली झुकवा, मग वर न्या. पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. सरळ वरून आणली तर पावसाचं पाणी तारेवरून घरंगळत थेट मोटरच्या आत जातं आणि बेअरिंग गंजतात.

५० किमी झाल्यावर पुन्हा पाना लावून बघा. नवीन वॉशर दबतो, नट थोडा घेतोच, म्हणजे अजून आवळला जातो.

राईनकाठ, कोलोन | मंगळवार, पहाटे २:४०

इथे जर्मनीत अजून रात्र फार झालेली नाही, म्हणून लिहितो. 'खळ्ळ'बद्दल.

फक्त सहाव्या-सातव्या गिअरला घसरणं हे घासलेल्या चेनचं आणि घासलेल्या लहान दात्यांचं लक्षण आहे. हब मोटरवाले लोक मोटर मदत करते म्हणून कायम सर्वात लहान चकतीवर, म्हणजे सातव्या गिअरवर, चालवतात. लहान चकतीला दाते कमी, म्हणजे तेवढाच जोर कमी दात्यांवर वाटला जातो, आणि त्याच रोज घासतात.

चेन मोजायला शाळेची ३० सेमीची स्टीलची पट्टी पुरते. सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी असतं, म्हणजे २० जोडांचे बरोबर २५.४ सेमी. पायडलवर हलका दाब ठेवून चेन ताणा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या विसाव्या पिनेचा मध्य वाचा. २५.४ किंवा केसभर जास्त, तर चेन ठीक. २५.५५ च्या आसपास, तर चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. २५.६५ च्या पुढे गेली असेल तर चेनने फ्रीव्हीलचे दातेही आपल्यासारखे करून घेतलेले असतात. तेव्हा नुसती चेन बदलली तर घसरणं थांबत नाही, वाढतं. दोन्ही एकत्रच बदलायचं.

माझ्या सायकलला मोटर मध्ये, क्रँकजवळ (पायडलच्या दांड्यांजवळ) आहे. इथले नियमही २५० वॉट आणि ताशी २५ किमीचेच. पण मधल्या मोटरचा सगळा जोर चेनवरूनच चाकाला जातो, त्यामुळे मला चेन दर २,००० किमीला बदलावी लागते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा त्याही आधी. गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर सोडायची सवय लागली तेव्हापासून चेन तुटणं थांबलं. हब मोटरमध्ये चेनवर फक्त पायाचा जोर येतो, म्हणून ४,३०० किमीपर्यंत तुमची पहिली चेन टिकली असावी.

शाळेचीफेरी, नाशिक | मंगळवार, सकाळी ११:३०

माझाही प्रश्न इथेच विचारते, विषय तोच आहे. मुलाला मागे बसवून शाळेत सोडते. चार महिन्यांत मागच्या चाकाचे तीन आरे तुटले, प्रत्येक वेळी हबजवळच्या वाकड्या मानेशी. दुकानदार म्हणाले जाड आरे घाला, म्हणून १२ गेजचे घातले. आता आरे नाही, पण रिमजवळची निपलं (आऱ्याचं टोक रिममध्ये धरणारे छोटे नट) तुटायला लागली. चाक रिकामं फिरवलं की आऊट दिसतो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे डुलतं. मोटरचा जोर जास्त होतोय का?

चाकदुरुस्त, कोल्हापूर | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आरा जास्त ताणाने क्वचित तुटतो, तुटतो तो सैल राहिल्याने. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या आऱ्याचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. आरा मुळात घट्ट असेल तर हा फरक तो सोसतो. सैल असेल तर खाली आला की पूर्ण ढिला पडतो, मान हबच्या भोकात हलते, वर आला की पुन्हा ओढली जाते. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते, तसंच हे. मागे मूल बसलेलं, वर मोटरचा हिसका, म्हणून तुमचा लवकर तुटतो.

जाड आऱ्याने दुखणं फक्त सरकलं. १२ गेज म्हणजे २.६ मिमी. मोटरचा हब मोठा, त्यामुळे आरा आखूड आणि रिममध्ये तिरका शिरतो. बारीक आरा निपलाच्या तोंडाशी थोडा वाकून तो कोन सांभाळतो. जाड आरा वाकत नाही, सगळा भार निपलाच्या मानेवर येतो आणि निपल तुटतं. माझ्या अनुभवात अशा चाकाला १३ गेज, म्हणजे २.३ मिमीचा चांगला स्टीलचा आरा सर्वात जास्त टिकतो. आणि विणताना आरे एकमेकांवरून एकदाच ओलांडायचे, साध्या चाकासारखे तीनदा नाही. जितके जास्त ओलांडाल तितका रिमजवळचा कोन वाईट.

विणून झाल्यावर आऊट काढणं हे अर्धंच काम. आऊट नसलेलं चाकही सगळीकडून सैल असू शकतं. आरे नखाने छेडून बघा. एका बाजूच्या सगळ्या आऱ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. फ्रीव्हीलकडच्या बाजूचा सूर थोडा चढा असतो, ते बरोबर आहे, तिथे ताण जास्तच लागतो. मध्येच एखादा आरा 'ठप' वाजला तर तो सैल. पाव-पाव फेऱ्याने सगळे चढवत आणा. शेवटी शेजारशेजारचे दोन आरे मुठीत धरून जोरात दाबा, पूर्ण चाकभर. कटकट आवाज येईल, माना जागेवर बसल्याचा. मग पुन्हा आऊट बघा. हा शेवटचा दाब ज्यांनी दिला नाही त्यांचं चाक आठवड्यात पुन्हा आऊट होतं.

मुलाला बसवताय, म्हणून कळकळीने सांगतो, एक आरा तुटला की त्याच दिवशी बदला. एक गेला की शेजारच्या दोघांवर भार येतो.

सोल्डरगन, ठाणे | बुधवार, सकाळी ८:०५

मोटर खरोखर जाते ती कशी, तेही इथे असू दे. आतले लहान गिअर बहुधा नायलॉनचे असतात. त्यांचे दाते गेले तर थ्रॉटल दिल्यावर आतून खरखर येते, मोटर जोरात फिरते आणि चाक ओढ घेत नाही किंवा अर्धीच घेते. क्लच गेला तर खरखरही नाही, मोटर नुसती फिरते. दोन्हींत पायडल मारून सायकल नीट चालते. निळीसायकल यांच्याकडे मोटर प्रत्येक वेळी चाक ओढत होती. म्हणजे गिअर आणि क्लच शाबूत.

चढावर थ्रॉटल पूर्ण देऊन चालण्याच्या वेगाने सरकणं टाळा. चाक हळू फिरतं तेव्हा बॅटरीतल्या विजेचा मोठा भाग नुसता मोटर तापवण्यात जातो. तापली की नायलॉन मऊ पडतं. खालचा गिअर टाका, पाय लावा, वेग ठेवा.

निळीसायकल, पुणे | शनिवार, दुपारी ४:५०

चेन मोजली. २० जोडांना २५.७ सेमी. पट्टीवर ते बघितल्यावर दुसऱ्या मापाची गरजच राहिली नाही. सातव्या चकतीचे दाते तिसरीच्या शेजारी ठेवून बघितले. तिसरीचे दाते दोन्हीकडून सारखे आहेत, सातवीचे एका बाजूला झुकून टोकदार झालेत.

आज एका ओळखीच्या सायकलवाल्यांकडे बसून काम करून घेतलं. नवीन चेन, नवीन ७ चकत्यांचं फ्रीव्हील. जुनं फ्रीव्हील सोडवायला त्यांना लांब पाइप लावून अंगाचा जोर द्यावा लागला, कारण पायडल मारताना ते दर वेळी अजून आवळलंच जातं. निघाल्यावर त्यांनी ते रॉकेलमध्ये बुडवून मला आतले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकून जोर पकडणारे छोटे खटके, दाखवले. दोनपैकी एक वाळलेल्या ग्रीसमध्ये अर्धा चिकटला होता. मागच्या वर्षी मीच कोणाच्या तरी सांगण्यावरून तिथे जाड ग्रीस भरलं होतं. त्यांनी सांगितलं, कुत्र्यांना पातळ तेल हवं, त्यांना उडी मारता आली पाहिजे.

जिभेचे दोन नवीन वॉशर आणि उजव्या बाजूला टॉर्क आर्म लावला. केबलला खाली झोळ दिला, खरवडलेल्या जागी हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवली. कनेक्टर दोन दिवस उघडा वाळवून रेघेपर्यंत दाबला. चाक नव्याने बसल्यावर डिस्क पॅडला घासत होती, कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून ब्रेक दाबून पुन्हा आवळले. सगळं मिळून खर्च नव्या चाकाच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही भरला नाही.

मोटर उघडलीच नाही.

घाटमाथा, सातारा | शनिवार, सायंकाळी ६:१५

छान काम केलंत. नेलपॉलिशची नवीन रेघ ओढून ठेवा आणि रोज सायकल काढताना एकदा नजर टाका. मी यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी अजूनही खाली वाकून माझ्या रेघा बघतो.

निळीसायकल, पुणे | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:४०

कळवायचं राहिलं होतं. ५० किमीनंतर नट खरंच थोडे घेतले, उजवा जास्त. त्यानंतर २६० किमी झाले, रेघ सरळ आहे, 'टक्' नाही, 'खळ्ळ' नाही, मोटर एकदाही मध्येच बंद पडली नाही. चढावर आता तिसऱ्या-चौथ्या गिअरवर येते. पूर्वी सातव्यावरच रेटत होते. मोटरच्या कवचाला वर पोचल्यावर हात लावून बघते, कोमट असतं.

गुरुवारी बावधनजवळ मागचं चाक पुन्हा पंक्चर झालं. दुकानातल्या मुलाने पाना हातात घेतला होता. मी त्याला थांबवलं आणि चाक न काढता करता येईल का विचारलं. त्याने सायकल आडवी टाकली, टायरची एक बाजू उतरवली, ट्यूब बाहेर ओढली आणि पॅच लावून वीस मिनिटांत परत बसवली. शाळेची घंटा व्हायच्या आत पोचले.